ग्लास खाली ठेवताना

पहिला घोट मालनच्या तोंडात गेला आणि तिची मान आपसूक खांद्यांत शिरली. कुणी हात उगारला नव्हता. समोर तिचा मुलगा स्वरूप बाटली धरून हसत उभा होता, नायगावच्या खाडीकडून आलेलं सकाळचं ऊन ओट्यावर पसरलं होतं, गॅसवर वालाचं बिरडं रटरटत होतं आणि घरात सगळं जिथल्या तिथे होतं. तरी मान शिरली, डोळे मिटले आणि मनगटात वाकडा जुळलेला डावा हात उठून कानावर गेला. जिभेला चव कळायच्या आधी ती अंगाला कळली होती. ही गंगारामच्या तोंडाची चव. हा वास तिच्या नाकाला जन्माचा पाठ होता. तो तोंडावर येऊन आदळायचा, केसांत राहायचा, उशीच्या अभ्र्यातून धुऊन म्हणून जायचा नाही. पण जिभेवर तो कधी आला नव्हता. नवरा मरून इतकी वर्षं झाली, आणि ज्या गोष्टीने आपली हाडं मोडली ती गोष्ट लागते कशी हे या बाईला आज, त्याच्याच पितरांच्या दिवशी, मुलाच्या हातून कळत होतं. करपलेल्या भाकरीवर पाणी ओतावं तसं आधी लागलं, मग संत्र्याच्या सालीला दात लागल्यासारखा कडवटपणा, आणि तो गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी चिकटून बसला.

"कडू लागली ना?" स्वरूप म्हणाला. "क्राफ्ट बीअर आहे, कडू असणारच. टेन्शन नको घेऊस आई, अल्कोहोल नावालाही नाही त्यात. लहान पोराने प्यायली तरी काही होणार नाही."

"अजून दे," मालन म्हणाली.

स्वरूपला आनंद झाला. त्याने ग्लास तिरका धरून, फेस सांभाळत, काठोकाठ भरून दिला. नोकरी सोडून त्याने आणि ऑस्करने वसई पूर्वेला एका गाळ्यात हा उद्योग काढला होता. ऑस्कर पापडी गावचा, शाळेपासूनचा मित्र, त्याला त्या पिंपांमधलं आणि तापमानांमधलं सगळं कळायचं. स्वरूपला बोलता यायचं. आणि बोलायला त्याच्याकडे गोष्ट होती, बापाची. माझे बाबा सोन्यासारखा माणूस होते, दारूने त्यांना खाल्लं, म्हणून मी बिनदारूची बीअर बनवतो. ही गोष्ट तो हॉटेलवाल्यांना सांगायचा, मोबाईलवर सांगायचा, आणि बाटलीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलीही होती. आज त्या गोष्टीत आई हवी होती. गंगारामची तिथी, दुपारी पान ठेवायचं, अक्षयाची आई येणार, ऑस्कर येऊन व्हिडिओ काढणार, आणि मालनने फक्त एवढंच बोलायचं की दारूने माझा संसार मोडला आणि माझ्या मुलाने त्यावर हा उपाय काढला. एवढं बोललीस की झालं, तो सकाळपासून सांगत होता. आणि बोलायच्या आधी एक घोट घे, म्हणजे तुला खोटं वाटणार नाही. मालनने होकार दिला होता. पण ती काही व्हिडिओसाठी पीत नव्हती. तिला चढते का ते बघायचं होतं.

चढावी, असं तिला वाटत होतं. देवाजवळ मागावं तसं ती मागत होती. साठी उलटलेली, आयुष्यात बाटलीला तोंड न लावलेली बाई सकाळी सकाळी ओट्याशी उभी राहून मोठमोठे घोट घेत होती आणि मनात म्हणत होती, फिरू दे डोकं, जड होऊ दे जीभ, तोल जाऊ दे. कारण चढली तर मुलगा सुटला. चढली तर त्यात काहीतरी आहे. त्या ऑस्करच्या घरी जांभळाची वाईन पाडतात, त्याला चार थेंब टाकायला काय जातंय, आणि माझ्या भोळ्या पोराला पत्ता नाही. असं असेल तर मग गेल्या पंधरवड्यात याच स्वयंपाकघरात जे झालं ते स्वरूपने केलेलं नाही. ते तिने केलं. दारूने.

गेल्या पंधरवड्यात झालं ते असं. स्वरूप डायनिंग टेबलाशी बसून नवीन बाटलीची चव बघत होता आणि त्याची बायको अक्षया त्याला म्हणाली की लेबलावरचं बाबांचं वाक्य जरा जास्तच होतंय, लोक हसतील. एवढंच. मालन भाजी निवडत होती. तिने वर बघितलं तेव्हा स्वरूप उभा होता आणि अक्षयाचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटून परत आलं होतं. मग दुसरी, जबड्याखाली. मग केस धरून त्याने तिचं तोंड टेबलावर दाबलं, लेबलांच्या गठ्ठ्यावर, आणि म्हणाला, वाच, काय जास्त आहे ते वाच. आवाज चढवलासुद्धा नाही त्याने. अक्षया ओरडली नाही. तिच्या ओठाचं रक्त वरच्या लेबलाला लागलं. मग तो बाल्कनीत गेला आणि मालन उठली. सुनेकडे जाण्याआधी ती मुलाकडे गेली. टॉवेल द्यायचं निमित्त करून त्याच्या अगदी जवळ गेली आणि तिने नाक वर करून त्याच्या तोंडाचा वास घेतला. आला. तोच वास, तसाच, जुना, ओळखीचा. आणि मेलीला हायसं वाटलं. पितो, देवा, हा पितो, म्हणजे हा मारत नाही, असा तो आनंद होता. आज तिला त्या आनंदाची किळस येत होती, पण त्या संध्याकाळी तो खरा होता. मग तिने हळद आणि चुना कालवला आणि अक्षयाच्या जबड्याला लावला, आणि तिच्या सासूने तिला जे सांगितलं होतं तेच तिने सुनेला सांगितलं. "तो नाय मारत गो. ती मारते."

"कोण ती?" अक्षयाने विचारलं.

"दारू."

अक्षयाने तिच्याकडे असं बघितलं की मालनची बोटं जबड्यावरच थांबली. "आई, त्यात दारू नाहीये. मी रोज पिते ती गाळ्यावर. मी कुणाला मारते का?"

तेव्हापासून मालनच्या डोक्यात हा किडा वळवळत होता. सुनेच्या प्रश्नाला उत्तर देता येईना आणि तो गिळताही येईना. सासूचं वाक्य तिने आयुष्यभर पोटाशी धरलं होतं, त्यावर तर तिचा संसार उभा होता. गास गावच्या वाडीत ती लग्न होऊन आली तेव्हा गंगारामसारखा देखणा आणि कामसू माळी आजूबाजूला नव्हता. सोनचाफा, मोगरा, पानवेली, केळी, त्याचा हात लागला की वाढायचं. गावठीला तो नावं ठेवायचा. इभ्रतदार माणूस, वसईला जाऊन बीअर प्यायचा, कडक, आणि दोन बाटल्या पिशवीतून घरी आणायचा. आधी कान लाल व्हायचे. मग तो गोड व्हायचा, मालनबाई म्हणून हाक मारायचा. मग तो घरातल्या एखाद्या वस्तूकडे एकटक बघायचा, मिठाच्या बरणीकडे, पाटाकडे, आणि त्यानंतर जे व्हायचं ते अंगावर लिहिलेलं होतं. पंपाच्या मोटरचा रबरी पट्टा पाठीवर कसा वळतो ते तिला ठाऊक होतं, तो मारताना लागत नाही, ओढून घेताना लागतो. पंपाच्या खोलीचं दार त्याने तिच्या मनगटावर लावून घेतलं होतं, आणि आतून टेकून उभा राहिला होता, आणि ती बाहेरून स्वतःच्याच हाताच्या हाडाचा आवाज ऐकत होती. डाव्या कानात पंजा बसला तेव्हापासून त्या कानाला एक बारीक शिट्टी तेवढी ऐकू येते, बाकी काही नाही. स्वरूपच्या आधीची मुलगी पोटातच गेली, ती लाथेने गेली. ती लाथही सगळ्यांनी दारूच्या नावावर घातली. डॉक्टरांनी घातली, शेजाऱ्यांनी घातली, मालनच्या सख्ख्या आईने घातली. सकाळी तो रडायचा, पाय धरायचा, आणि सासू हळद-चुना लावत म्हणायची, तो नाय गो मारत, ती मारते. मालनला ते पटलं. पटणारच, दुसरं काय पटवून घेणार होती. नवऱ्याला शिव्या देता येत नव्हत्या, हिला देता येत होत्या. रांडेला. सवतीला. तो घरात नसला की ती पिशवीतल्या बाटल्या काढायची आणि विहिरीच्या काठावर एकेक फोडायची, मानेला धरून, दगडावर, परत दगडावर, हातात नुसती मान उरेपर्यंत. त्यात तिला सुख होतं, उगाच कशाला लपवा. काचा मोगऱ्याच्या वाफ्यात जायच्या आणि फुलं काढताना तिच्याच पायांत घुसायच्या. बाटल्या फोडल्या म्हणून परत मार. तोही दारूच्याच नावावर.

आणि तो मेल्यावर तीच मालन दर वर्षी तिथीला स्वतःच्या हाताने बीअरची बाटली उघडून पानाशेजारी ठेवत आली. त्यांच्या वाडीत तशी रीत आहे. मेलेल्याला जे आवडायचं ते पानावर पाहिजे, मागे त्याची वासना राहू नये. ठेवताना ती मनात म्हणायची, घे, पी, तिकडे कुणाला मारशील.

ग्लास रिकामा झाला. तिने दुसरा भरून घेतला. स्वरूप आंघोळीला गेला होता. मालनने ओट्याची कड सोडली आणि फरशीच्या एका रेघेवरून चालून बघितलं, फ्रिजपासून दारापर्यंत. पाऊल सरळ पडलं. सुईत दोरा ओवून बघितला, चष्मा लावून नेहमी ओवते तसा ओवला गेला. मोठ्याने स्वतःचं नाव घेऊन बघितलं. जीभ अडखळली नाही. पोट तेवढं फुगलं आणि एक ढेकर आला, तोही भाकरीचा. ती चिडली. तिने उरलेला ग्लास घटाघटा संपवला, तोंड पुसलं, डोळे मिटून उभी राहिली आणि वाट बघितली. येत असेल. पहिल्यांदा पिणाऱ्याला उशिरा येत असेल. बिरडं उतरवलं, अळूवडी तळायला घेतली, एकेक वडी सोडताना मनाशी म्हणत होती, आता, आता. तेलाचा थेंब हातावर उडाला आणि लख्ख भाजलं. काही म्हणजे काही बोथट झालं नव्हतं. उलट इतकं स्पष्ट तिला कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. टाइल्सच्या फटीतला काळेपणा दिसत होता, खाडीवरच्या बगळ्याची मान दिसत होती, खाली खोबरं खवायला बसलेल्या अक्षयाच्या मोकळ्या केसांआडचा पिवळा पडत चाललेला डाग दिसत होता.

स्वरूप कपडे करून बाहेर आला. ग्लास घेऊन टेबलाशी टेकला, फोनवर ऑस्करशी बोलला, कुठून वळायचं ते सांगितलं. मग त्याला शर्टाच्या बाह्या दुमडायच्या होत्या, म्हणून त्याने ग्लास खाली ठेवला. नीट ठेवला. त्याच्या ब्रँडचं नाव छापलेली गोल पुठ्ठ्याची चकती होती, तिच्यावर बरोबर मधोमध, आणि मग एका बोटाने तो ग्लास टेबलाच्या काठापासून जरा आत सरकवला, धक्का लागून पडू नये म्हणून. काही झालं नाही. त्याने बाह्या दुमडल्या आणि ग्लास परत उचलला. पण खवणीचा आवाज थांबला होता. मालनने खाली बघितलं. अक्षयाची मान खांद्यांत शिरली होती, डोळे मिटलेले होते आणि हातातली नारळाची वाटी तिने जबड्याशी धरली होती.

मालनच्या हातातून झारा कढईत पडला.

तिला कपबशी आठवली. आठवली म्हणजे काय, समोर येऊन उभी राहिली, निळ्या किनारीची, वाडीतल्या घराच्या पायरीवर. ते काविळीचं वर्ष होतं. गंगारामचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि डॉक्टरने सांगितलं होतं की यापुढे एक थेंब घेतलास तर बायको विधवा. तो भ्याला. वर्षभर त्याने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. मालनच्या आयुष्यातलं ते सोन्याचं वर्ष, असं ती सगळ्यांना सांगत आली होती, विहिरीवर, माहेरी, स्वरूपला, अक्षयालाही. त्या वर्षी माझा नवरा मला परत मिळाला, असं. आणि त्याच वर्षी एका सकाळी तो पायरीवर चहा पीत बसला होता. ती सोनचाफ्याची टोपली घेऊन आली आणि हसत म्हणाली, ऊन चढल्यावर उठलात तर फुलं तुमच्यासाठी मिटून थोडीच राहणार आहेत. त्याने तिच्याकडे बघितलं. कान लाल नव्हते. मालनबाई म्हणाला नाही. त्याने कप बशीत ठेवला, बशी पायरीवर ठेवली, आणि एका बोटाने ती काठापासून आत सरकवली. मग तो उठला. टोपलीचा काठ तुटेपर्यंत त्याने तिला त्या टोपलीने मारलं, मग हाताने, मग ती खाली पडल्यावर पायाने, बरगड्यांत, एकेक जागा निवडून. फुलं चिखलात गेली. तोंडात माती होती आणि त्या मातीत चाफ्याचा वास. आणि मग तो परत पायरीवर बसला आणि त्याने राहिलेला चहा प्यायला. अजून वाफ येत होती. सांडला नव्हता. सासू म्हणाली, काविळीनं पित्त खवळलंय गो, तो नाय. आणि मालनने ती सकाळ घेतली, घडी केली, आणि कुठेतरी तळाशी ठेवून दिली, कारण तिला ठेवायला दुसरी जागाच नव्हती. तशा त्या वर्षी आणखीही सकाळी होत्या. आता एकेक वर येत होती. सगळ्यांत काहीतरी आधी खाली ठेवलेलं होतं. कोयती. विडी. एकदा तर लहानगा स्वरूप. कडेवरच्या पोराला त्याने आधी पाळण्यात ठेवलं, दुपट्याचं टोक नीट केलं, आणि मग तिच्याकडे वळला.

दारू कुठे होती त्यात. ती बिचारी विहिरीच्या काठावर फुटत होती.

मालनला राग आला. गंगारामचा आला, सासूचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. असा राग तिला बाटल्या फोडतानाही आला नव्हता. कढईतलं तेल तिला त्या पाठमोऱ्या पोराच्या मानेवर ओतावंसं वाटलं, क्षणभर तिने कढईचे कान पकडलेही, फडक्याशिवाय, आणि चटका बसला तशी सोडली. आपणही शुद्धीतच आहोत, हे तिला त्या चटक्याने सांगितलं. तिने गॅस बंद केला.

दुपारी अक्षयाची आई विनिता विरारच्या चंदनसारहून आली, डब्यात लेकीच्या आवडीच्या पुरणपोळ्या घेऊन. साताऱ्याकडची माणसं, नोकरी करून विरारला घर केलेली, सरळ. स्थळ बघायला आली तेव्हा या बाईने मालनला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली होती. बाकी आमचं काही मागणं नाही, मुलगा पितो का तेवढं खरं सांगा, आमच्यात एका पोरीचं त्याच्यानेच वाटोळं झालंय. आणि मालनने तिचा हात हातात घेऊन शब्द दिला होता. माझा मुलगा थेंबाला शिवत नाही, मी त्यातून गेलेय, मी दारुड्याच्या घरात तुमची पोरगी आणणार नाही. लग्न त्या शब्दावर ठरलं. आज विनिताने लेकीला जवळ घेतलं आणि विचारलं, "केस का गं मोकळे? पितरांचा दिवस आहे."

"न्हायले ना सकाळी," अक्षया म्हणाली.

ऑस्कर आला, मालनच्या पाया पडला, आंटी म्हणाला. बाल्कनीत केळीच्या पानावर सगळं वाढून झालं होतं, बिरडं, अळूवडी, खीर, भाताची मूद. पानाशेजारी स्वरूपने स्वतःची बाटली ठेवली. "या वर्षी बाबांना आपली," तो म्हणाला. "आई, तू उघड. दर वर्षी तूच उघडतेस." मालनने बाटलीला हात लावला नाही. ती आत येऊन खुर्चीवर बसली. स्वरूपला वाटलं व्हिडिओसाठीच बसली. त्याने तिच्या हातात ग्लास दिला, स्वतः एक घेतला, विनिताला आणि ऑस्करला दिला, पडदा सरकवून उजेड केला. "सगळ्यांनी टेस्ट करा, काकी, तुम्हीपण. खरी बीअर लागते की नाही? आणि आत काही म्हणजे काही नाही." विनिताने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग बरं वाटावं म्हणून म्हणाली, "छान आहे की." ऑस्करने मोबाईल धरला आणि मालनकडे बघून मान हलवली.

मालनने ग्लासातला एक घोट घेतला. गिळला. मग बोलली.

"दारूने माझा संसार मोडला, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते खोटं आहे. माझ्या नवऱ्याने मोडला. काविळीच्या वर्षी तो एक थेंब पीत नव्हता, तेव्हा पण मारायचा. आधी चहा खाली ठेवायचा, सांडू नये म्हणून, मग मारायचा. माझी पोरगी त्याने मारली पोटात. आणि हा अक्षयाला मारतो. याच घरात. विहीणबाई, तिचे केस बाजूला करून बघा. हा शुद्धीत मारतो."

मग स्वरूप हसला. छान हसतो तो, बापासारखा. "घ्या," तो म्हणाला, "आईला चढली वाटतं." ऑस्कर अर्धवट हसला आणि त्याने मोबाईल थोडा खाली केला, बंद नाही केला. आणि विनितासुद्धा हसली. "असेल हो, सवय नाही ना त्यांना," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याची अशी काही कळा आली की मालनला तिचा राग येईना. ती कळा तिला ओळखू आली. मुलाच्या तोंडाचा वास घेऊन बाल्कनीतून परत येताना तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर तीच असणार.

"मम्मी, त्यात काही नाहीये," अक्षया म्हणाली. ती भिंतीशी उभी होती. "आत्ताच सांगितलं ना त्यांनी सगळ्यांना." आणि तिने केस मागे घेतले, दोन्ही हातांनी, आणि मान वर करून जबडा आईकडे केला.

स्वरूपचं हसू गेलं नाही, तसंच तोंडावर राहिलं. त्याने चकती शोधली. टेबलाच्या कोपऱ्यावर होती.

"बघा," मालन उठत म्हणाली. "आता बघा तुम्ही सगळे. तो ग्लास खाली ठेवतोय."

तिला वाटलं होतं, असं मोठ्याने म्हटल्यावर तो थांबेल. चार माणसांच्या डोळ्यांदेखत हात उचलता येत नाही, गंगारामने कधी चारचौघांत उचलला नव्हता. क्षणभर तो थांबलाही. ग्लास चकतीवर टेकला होता आणि बोट काचेवर होतं. मग त्याने बोटाने ग्लास आत सरकवला. तो अक्षयाकडे निघाला तेव्हा मालन मध्ये आली, आणि पंजा तिच्या डाव्या कानावर बसला. त्या कानाला काही ऐकू आलं नाही. उजव्या कानाने तिला विनिताची किंकाळी ऐकू आली, खुर्ची पडल्याची ऐकू आली, आणि स्वतःचं डोकं टेबलाच्या पायावर लागल्याचा आवाज आला. दुसरी लाथ होती, बरगडीत, जुन्याच जागी. ऑस्करने मोबाईल टाकला आणि त्याला मागून मिठी मारून ओढलं. दोघे बाल्कनीच्या दारावर आदळले आणि काच तडकली. "सोड, तिला समजत नाही ती काय बोलते," स्वरूप म्हणत होता, अगदी शांतपणे, "सोड मला."

मालन फरशीवर बसली होती. भुवईवरून काहीतरी गरम खाली येत होतं. तिच्या डोळ्यांच्या रेषेत टेबल होतं आणि टेबलावर ग्लास, काठापासून आत, काठोकाठ भरलेला. फेससुद्धा तसाच होता. विनिता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि पदराने तिचं रक्त पुसू लागली.

"मी तुम्हाला शब्द दिला होता," मालन तिला म्हणाली. "खोटं नव्हते बोलले मी, विहीणबाई. तो पीत नाही."

अक्षयाने तिला उठवलं. वाकड्या मनगटाला धरून उठवलं, तिथे दुखतं, तरी मालनने हात ओढून घेतला नाही. पर्स तेवढी घेतली त्या मुलीने, आणि जाताना वाकून ऑस्करचा फरशीवर पडलेला मोबाईल उचलला. तो अजून चालू होता. "आई, चला," ती म्हणाली. मालनने एकदा बाल्कनीकडे बघितलं. पानावर कावळा येऊन बसला होता आणि अळूवडी खात होता. बाटली बंदच होती. ती चपला न घालताच बाहेर पडली.

लिफ्टमध्ये विनिताने तिला विचारलं, चक्कर येतेय का, धरू का. मालनने मान हलवून नाही म्हटलं. तोंडात अजून ती कडवट चव होती, बरगडी ठणकत होती आणि डोकं अगदी साफ होतं.